शिलालेख आणि वही

गेल्या महिन्यात एका रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली. गेटवरच्या सीसीटीव्हीची, जेमतेम वीस सेकंदांची. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी, नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात नोकरी करणारी मुलगी मोटारसायकलवरून उतरते, हेल्मेट काढून चालवणाऱ्याच्या हातात देते आणि आत येते. खाली ओळ होती, 'सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांच्या माहितीसाठी.' सकाळपर्यंत त्या ओळीखाली अंगठ्यांची रांग लागली होती. पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून यावर रीतसर चर्चा झाली. क्लिप वाईट होतीच, पण चर्चा तिच्याहून वाईट झाली, आणि ती ऐकूनच मी हे लिहायला बसलो.

एका बाजूला 'कर नाही त्याला डर कशाला?' म्हणणारे होते. त्यांच्या मते कॅमेरा सगळ्यांसाठीच आहे, जो सरळ आहे त्याने घाबरायचं कारण काय? दुसऱ्या बाजूला आमचे एक निवृत्त सर. त्यांनी सगळं खापर मोबाइलवर फोडलं. 'मी फेसबुक कधीच बंद केलं, तुम्हीही करा, घरात शांतता नांदेल.' टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मग एका तरुणाने प्रोफाइल फोटो कुणाला दिसावा याचं सेटिंग दाखवलं, चहा आला, सभा उठली. जिची क्लिप होती तिला कुणी बोलावलंच नव्हतं. भाडेकरूला सोसायटीत मत नसतं.

हा वाद सगळीकडे असाच चालतो, पालकसभेत आणि टीव्हीवरसुद्धा. सगळा 'मी'भोवती फिरतो: माझा पासवर्ड, माझा ओटीपी, माझे फोटो. माझं म्हणणं असं की आपण सोशल मीडियावर जे टाकतो त्यातलं बरंचसं आपलं नसतंच. ते मुलांचं असतं, दवाखान्यात पडलेल्या सासऱ्यांचं असतं, वर्गमित्राच्या मोडलेल्या लग्नाचं असतं, शेजारच्या मुलीचं असतं. खासगीपण ही एकेकट्याने कुलूप लावून जपायची वस्तू आहे, या गृहीतकापाशीच वाद चुकतो. ती आपण एकमेकांकडे दिलेली ठेव आहे. आपली माहिती आपण किती झाकतो याच्याइतकंच, दुसऱ्याची जी माहिती आपल्या हाती सहज येऊन पडली आहे तिचं आपण काय करतो, याला शहाणपण म्हणायला हवं.

हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, गोदाघाटावर, रामकुंडावर कळलं. वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो होतो. आमच्या उपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि लाल कापडात बांधलेली एक लांबट वही काढली. त्यात आजोबांची मोडीतली सही होती, त्यांच्याबरोबर आलेल्या भावांची नावं होती, आमच्या घरात कुणालाच ठाऊक नसलेली, लहानपणीच गेलेली एक आत्यासुद्धा होती. मी मोबाइल काढला. उपाध्यायांनी काही न बोलता खांद्यावरचं उपरणं समोरच्या पानावर टाकलं आणि म्हणाले, 'घ्या आता. पलीकडचं पान दुसऱ्या घराचं आहे.' ज्या माणसाने कधी डेटा संरक्षणाचा कायदा वाचला नसेल, त्याला मूळ मुद्दा ठाऊक होता. वही त्याच्या हातात आहे म्हणून तिच्यातला मजकूर त्याचा होत नाही.

याच्या उलट उदाहरणही नाशिकातच आहे. पांडवलेण्यांवर चढून दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तिथे स्वतःची थोरवी कोरून ठेवली आहे. त्याचं एक बिरूदच 'त्रिगोशतसहस्रद', म्हणजे तीन लाख गाई दान देणारा. आजच्या भाषेत याला स्टेटस टाकणंच म्हणावं लागेल, आणि ते जवळजवळ एकोणीसशे वर्षं टिकलं आहे. म्हणजे मिरवण्याची हौस मोबाइलने आणली हे खोटं. पण त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात आणखी एक नोंद आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. उषवदाताने भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, एक हजार दुसरीकडे, व्याजाचा दर वेगवेगळा, आणि मुद्दल परत द्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला, असंही तिथे लिहिलंय. दान, पद, विश्वस्त म्हणून ठेवलेला पैसा यांचा हिशेब दगडावर आला. कुणाच्या घरात कोण कधी वारलं याची नोंद वहीत राहिली. आपल्याकडे दोन्ही गोष्टी होत्या आणि कुठली कुठे लिहायची याची समज होती. आता हातात एकच पाटी आली आहे. ती वहीसारखी दिसते आणि शिलालेखासारखी वागते.

उपाध्यायांचं मी उगाच उदात्तीकरण करतोय असं कुणी म्हणेल, आणि ते थोडं खरं आहे. यजमानवृत्ती हे त्यांचं उत्पन्न, वह्यांच्या भावाभावांत वाटण्या होतात, त्यामुळे वही जपण्यात पोटाचाही प्रश्न असतो. फेसबुकसुद्धा आपली वही पोटासाठीच ठेवतं, मग फरक काय उरला? फरक असा की उपाध्याय घाटावर बसलेला असतो. त्याचं नाव ठाऊक असतं, त्याने आगाऊपणा केला तर जाब विचारता येतो, आणि आमच्या घरी नुकतं कुणी गेलं आहे ही माहिती तो विमा विकणाऱ्याला देत नाही.

आता समोरच्यांच्या सगळ्यात भक्कम मुद्द्यांकडे येतो. 'सोडून द्या' म्हणणाऱ्या सरांना मी एवढंच विचारेन, की निफाडच्या शेतकऱ्याने काय सोडायचं? लासलगावला आणि पिंपळगाव बसवंतला आज कांदा काय भावाने गेला, हे ट्रॅक्टर भरण्याआधी त्याला मोबाइलवर कळतं. गारपिटीचा इशारा, वेलीवर डाऊनी रोग आला तर कुठली फवारणी, कंटेनर अडकला का, हे सगळं द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर येतं. ज्याचं पेन्शन महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होतं त्याला संन्यास परवडतो. हा मुद्दा इथेच संपला असं मी धरतो.

दुसरा मुद्दा अवघड आहे: पूर्वी तरी खासगीपण कुठे होतं? माझं बालपण तिवंध्याजवळच्या एका वाड्यात गेलं. चौकात एक नळ, मागे संडासांची रांग, भिंती अशा की पलीकडे कुणी कूस बदलली तरी कळावं. कुणाच्या घरी मनीऑर्डर आली, कुणाची सून रडली, कुणाची मुलगी दाखवायला न्यायची आहे, सगळ्यांना सगळं ठाऊक. तो जाचच होता. सुनांना आणि विधवांना तर फारच. त्या दिवसांचे गोडवे गाणारे बहुधा पुरुष असतात, हेही मी पाहिलं आहे. तरी वाड्याच्या नजरेला एक चेहरा होता. ओट्यावर बसून बोलणारी काकू दिसायची. तिने नसतं काही पसरवलं तर मुलीची आई त्याच ओट्यावर जाऊन तिला चार शब्द सुनावू शकायची, आणि सुनवायचीही. वाडा विसरायचासुद्धा. दोन दिवाळ्या गेल्या की लफड्याची आठवण व्हायची आणि आठवणीची दंतकथा. त्या मुलीच्या क्लिपला कुणाच्या ओट्यावर जाऊन जाब विचारायचा? एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. तिथून ती पुढे कुठे गेली हे टाकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. निकाल मला योग्यच वाटतो. पण मग ओट्यावर कुणी बसलेलंच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार, आणि तो मला माझ्या मित्राने ऐकवला. 'तुझं खासगीपण हे आधीपासून दिसणाऱ्यांचं दुखणं आहे. आम्हाला शतकानुशतकं दिसूच दिलं नाही.' २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिकच्याच कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षं लढवला. ती मागणी सार्वजनिक जागेत उभं राहण्याचीच होती. आज वस्तीतली एखादी मुलगी स्वतःचं गाणं स्वतःच्या नावाने यूट्यूबवर टाकते, त्यात त्या मागणीचा धागा आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे ज्यांच्या मुठीत आधीच सव्वा लाख आहे त्यांचं सुभाषित आहे, असं तो मित्र म्हणतो आणि मला त्यावर चटकन उत्तर सुचत नाही.

पण सावकाश विचार केला तर हेच उदाहरण माझ्या बाजूने बोलतं. सत्याग्रही स्वतःच्या पायांनी दारापर्यंत गेले. कधी जायचं, कोणत्या वाटेने, काय मागायचं हे त्यांनी ठरवलं. चव्हाट्यावर येणं आणि चव्हाट्यावर आणलं जाणं यांत जेवढं अंतर आहे तेवढंच गाणं टाकणाऱ्या मुलीत आणि आमच्या गेटवरच्या मुलीत आहे. आणि ज्यांना समाजाने कायम निरखून, हटकून, जात विचारून उभं केलं, त्यांनाच कुणी बघणार नाही अशा चार भिंती सगळ्यात उशिरा मिळाल्या. खासगीपण श्रीमंतांचे चोचले असतील तर ते गरिबांना नाकारल्यामुळेच.

शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. प्रायव्हसी ही पाश्चात्त्यांची आयात आहे असं म्हणणाऱ्यांनी 'खासगी' शब्द कुठून आला ते पाहावं. मराठेशाहीत खासगी हे हिशेबाचं खातं होतं. होळकरांच्या दौलतीत राज्याचा महसूल वेगळा आणि खासगी वेगळी. अहिल्याबाईंची देशभरातली घाटबांधणी याच खासगीतून झाली. म्हणजे कल्पना आपल्याकडे होती, मात्र ती गादीवर बसणाऱ्यांपुरती. रयतेला खासगी नव्हती. १९५४ आणि १९६२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानेही संविधानात असा हक्क मानला नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मूलभूत हक्क ठरवला. होळकरांच्या सुनेला जे होतं ते अंबडच्या कामगार मुलीला त्या दिवशी कागदावर मिळालं.

'खासगीपणाच्या आड भ्रष्ट माणसं लपतात' हाही आक्षेप खोटा नाही. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये आला, त्याच्या तीन वर्षं आधी महाराष्ट्राने स्वतःचा केला होता. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्याच माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये असा बदल केला की 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढं म्हणून अधिकाऱ्याला अर्ज परत करणं सोपं व्हावं. पत्रकार आणि कार्यकर्ते त्याविरुद्ध बोलले ते बरोबरच होतं. दिंडोरीत बागेचा माल उचलून पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्याचा फोटो शेतकरी ग्रुपवर फिरवतात, त्यालाही मी विरोध करणार नाही. इथे उषवदाताचा लेख कामाला येतो. दुसऱ्याचा पैसा, पद, सत्ता ज्याच्या हाती आहे त्याचा हिशेब निगमसभेत वाचला पाहिजे. खालून वर बघताना नजर तीक्ष्ण हवी. आपण नेमकं उलटं करतो. सोसायटीच्या गंगाजळीचा तीन वर्षांचा हिशेब आमच्या ग्रुपवर कधी आला नाही. मुलगी किती वाजता आली ते दहा मिनिटांत आलं.

कायदा आणि संमती या दोन शब्दांवर तर आपण फारच भिस्त ठेवून आहोत. २०१८ चं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आठवा. एका ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली होती. फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांनुसार ते वादग्रस्त ॲप भारतात ३३५ जणांनी घेतलं होतं, आणि ज्यांची माहिती त्यातून गेली असावी असे भारतीय होते ५ लाख ६२ हजारांच्या वर. उरलेल्या साडेपाच लाखांवर लोकांनी काय चूक केली होती? त्यांचा पासवर्ड कच्चा नव्हता, त्यांनी अनोळखी लिंक दाबली नव्हती. त्यांची मैत्री त्या ३३५ जणांशी होती, एवढंच. 'माझी माहिती, माझी मर्जी' या वाक्याचा याहून चोख पराभव मला माहीत नाही.

२०२३ चा तो माहिती संरक्षण कायदा काय करतो? त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतील, आणि कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चांगलं आहे. पण कलम ३ वाचा. माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती कायद्याच्या बाहेर. माणसाने स्वतः जाहीर केलेली माहितीही बाहेर. दोन्ही अपवाद मला रास्त वाटतात. मावशीने भाच्याचा फोटो पाठवला म्हणून सरकारने दारात यावं असं कोण म्हणेल? तरी परिणाम हाच, की कौटुंबिक ग्रुपवर आजीचा नळ्या लावलेला आयसीयूतला फोटो आला तर तिथे बहुधा कायदा नसणार. तिथे असेल तर फक्त उपरणं असेल.

मुलांच्या बाबतीत हे आणखी विचित्र होतं. कायदा अठराखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती मागतो, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई करतो. म्हणजे दारावरचा पहारेकरी पालक. आणि त्या मुलाचा जन्मतासाचा फोटो, शाळेच्या नावाचा गणवेश, टक्केवारी, आंघोळीचा व्हिडिओ कोण टाकत असतं? माझी आजी बाळाला महिनाभर पाहुण्यांच्या नजरेस पडू द्यायची नाही, दृष्ट लागेल म्हणायची. आम्ही तिला हसायचो. कारण चुकीचं असेल, सवय मात्र बरी होती.

आणि एक नाशिकची गंमत. देशभरातल्या पासपोर्टच्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. त्या बंदोबस्तातून निघालेली पुस्तिका हातात पडताच आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पहिलं पान उघडून, नंबरासकट, 'फायनली!' म्हणून स्टेटसला लावतात. सेटिंगबद्दल मी फार बोलत नाही, ते याचसाठी. दोन टप्प्यांची पडताळणी लावा, हॉटेलात आधारची प्रत देताना शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत द्या, गावाला गेल्याचे फोटो परत आल्यावर टाका. हे सगळं करावंच, त्याला पाच मिनिटं लागतात. पण सेटिंग माझ्या माहितीला अनोळख्यांपासून वाचवतं. तुमच्या माहितीला माझ्यापासून वाचवणारं सेटिंग कुणी बनवलेलं नाही.

हे सगळं आपल्या शहराला लवकरच गाठणार आहे. २०२७ मध्ये सिंहस्थ. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभात स्नान करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ चोरून काढून समाजमाध्यमांवर टाकले गेले, पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. माळा विकायला आलेल्या एका मुलीच्या डोळ्यांचं इतकं कौतुक झालं की सेल्फीवाल्यांच्या गर्दीत तिला माळा विकणं अशक्य झालं आणि घरच्यांनी तिला परत पाठवलं. तिला पुढे संधी मिळाल्या असं म्हणून तो विषय झटकला जातो. संधी तिने मागितली होती का? रामकुंडावर कॅमेरे लागतील, ड्रोन उडतील, गर्दी सांभाळायला त्यांची गरजही आहे. चेंगराचेंगरी टाळायला नजर हवी, हे २००३ साली सरदार चौकातली चेंगराचेंगरी पाहिलेल्या नाशिककराला सांगावं लागत नाही. पण त्या चित्रीकरणाला किती दिवसांनी पुसायचं, ते कोण पाहणार, घाटावर ओल्या अंगाने उभ्या असलेल्या बाईचं चित्र रील म्हणून फिरलं तर तक्रार कुठल्या टेबलावर करायची, हे आत्ताच ठरवून पाटीवर लिहायला हवं. सिंहस्थाच्या रस्त्यांच्या निविदांवर जेवढं बोललं जातं त्याच्या दहाव्या हिश्श्याने तरी यावर बोलायला काय हरकत आहे? आणि लाखो मोबाइल सरकारचे नसतील, आपलेच असतील.

आमच्या सोसायटीची क्लिप शेवटी उडवली. ॲडमिनने उडवली, तीही आठ दिवसांनी, 'विषय संपला' अशी ओळ टाकून. मुलीला मी जिन्यात भेटलो तेव्हा कळलं ते इतकंच, की दुसरी पाळी लांबली, कंपनीची बस चुकली आणि लाइनवरचा सहकारी सोडायला आला होता. हेल्मेट त्याच्या बायकोचं. मी क्षमा मागितली, ती 'नाही काका, ठीक आहे' म्हणाली. त्यानंतर ती मला मुख्य गेटवर दिसलेली नाही. उशीर झाला की ती मागच्या, कचऱ्याच्या गाडीच्या गेटने येते, असं वॉचमन सांगतो. त्या गेटला कॅमेरा नाही. दिवाही नाही.